अक्काताईंची पेट्रोल बोट

माझी आज्जी अक्काताई हिने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही. कोडोलीहून रत्नागिरी काही फार लांब नाही, पण तिला कधी जावंसंच वाटलं नाही. समुद्राबद्दल तिचं मत एकच आणि पक्कं होतं : एवढं पाणी एका जाग्याला, आणि उसाला पाजायला येत न्हाय, मग ते हाय कशाला? अशा बाईने एकोणीसशे सत्त्याण्णव साली नौदलाशी, सुभेदार गणपतरावांशी आणि इंग्रजी भाषेशी एकदमच भांडण काढलं, त्याची ही हकिकत.

घरात तिला सगळे अव्वा म्हणत. माहेर सीमेपलीकडचं, संकेश्वराच्या बाजूचं. कानडी बोलत लग्न होऊन आली आणि मराठी कोडोलीत शिकली, त्यामुळे तिची मराठी कोडोलीकरांपेक्षाही जास्त कोडोलीची होती. रागावली की मात्र ती कानडीत शिरायची आणि आतून कडी लावून घ्यायची. मग घरादाराने बाहेर बसून वाट बघायची.

भांडणाचं मूळ म्हणजे माझे आजोबा, बसाप्पा. मी जन्मायच्या आधीच ते गेले. त्यांच्याबद्दल जे ठाऊक आहे ते अव्वाकडून, आणि अव्वा काही नुसतं सांगायची नाही. सासू, दीर, गल्लीतली माणसं, वेळ पडली तर बैल, सगळ्यांची कामं नाटकातल्यासारखी एकटीच करायची.

बेचाळीस साली आजोबा गुळाच्या गाडीबरोबर कोल्हापुरात आले होते. तिथे लढाईसाठी भरती चालली होती. दोन रांगा होत्या. पायदळाची लांबलचक आणि उन्हात, दुसरी आखूड आणि चिंचेच्या सावलीत. आजोबा सावलीत जाऊन उभे राहिले. ती रांग नौदलाची होती हे त्यांना सही केल्यावर कळलं. गाडीवान रिकामी गाडी घेऊन एकटाच कोडोलीला परतला आणि घरी सांगितलं, तुमचा बसाप्पा सावलीला थांबला हाय, येईल.

आजोबा आले ते लढाई संपल्यावर. सोबत एक पत्र्याची पेटी, रोज दाढी करायची सवय आणि थोडे नवे शब्द. बोलणं मुळातच कमी. लढाईत काय करत हुतास, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगायचे, "पेट्रोल बोटीवर हुतो." गावाला हे ताबडतोब समजलं. पेट्रोल बोट म्हणजे पेट्रोल नेणारी बोट. म्हणजे आपला बसाप्पा समुद्रात तेल पोचवत होता. त्यांचं नाव पेट्रोल बसाप्पा पडलं, ते कायमचं. कुणाची फटफटी बंद पडली की पोरं ओरडायची, बसाप्पाच्या दारापर्यंत ढकल. आजोबांनी कधी दुरुस्ती केली नाही, कारण त्यांच्या कानाला चूक ऐकूच येत नव्हती. गाव जो शब्द म्हणत होतं, तोच शब्द तेही म्हणत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट अव्वाला विशेष प्रिय होती. आजोबा शेतावर निघताना म्हणाले, आज मी लवकर येतो, जेवण गॅलीत वाढून ठेव. अव्वाला मराठी जेमतेम येत होती. गॅलीत म्हणजे गल्लीत, एवढं तिने बरोबर ओळखलं. ह्या मुलखात नवरे रस्त्यावर जेवत असतील, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून तिने गल्लीत पाट मांडला, ताट वाढलं, तांब्या ठेवला आणि कुत्री हाकलत उभी राहिली. सासू दारातून कपाळ बडवत होती. माणसं जमली. आजोबा आले, त्यांनी पाट बघितला, माणसं बघितली, नव्या बायकोचं तोंड बघितलं. मग चपला काढून मांडी घालून बसले आणि शेवटच्या घासापर्यंत जेवले. उठताना म्हणाले, "भाकरी चांगली झालीया."

"त्याच दिवशी मला कळलं," अव्वा सांगायची, "ह्या माणसासमोर आपुन चुकलो तरी चालतंय."

आणि दुसरी गोष्ट बैलांची. आमच्याकडे बेंदराला बैल धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात आणि वाजतगाजत मिरवतात. चांगल्या जोडीला गावकीचं बक्षीस असतं. सगळं गाव शिंगांना एकच रंग देतं, तांबडा म्हणजे तांबडा. आजोबांच्या बैलांचं डावं शिंग तांबडं असायचं आणि उजवं हिरवं. दरवर्षी. बैल देखणे, पण बक्षीस कधी मिळालं नाही, कारण बक्षीस ठरवायचे सुभेदार गणपतराव, आणि त्यांच्या मते बैल म्हणजे पलटण : सगळं एकसारखं पाहिजे. हे असले दोन रंग कशाला, म्हणून विचारलं की आजोबा म्हणायचे, "समोरनं कोण कसं येतंय, ते रात्री कळाय पाहिजे."

"आरं बसाप्पा, रात्री रंग दिसतोय व्हय?"

"तितं दिसायचं," आजोबा म्हणायचे, आणि विषय संपायचा. तितं म्हणजे कुठं, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

आजोबा गेल्यावर रंगवायचं काम माझ्या मामाकडे, प्रभुलिंग मामाकडे आलं. मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला. एका बेंदराला बक्षिसाच्या मोहापायी त्याने दोन्ही शिंगं तांबडी केली. अव्वाने रॉकेलचा बोळा घेतला, एकेक शिंग पुसलं आणि हिरव्या रंगाचा डबा त्याच्यासमोर आदळला. कारण तिलाही ठाऊक नव्हतं. ते करत होते म्हणून करायचं, एवढंच.

मग सत्त्याण्णव साल उगवलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होणार म्हणून गावाने ठरवलं की ग्रामपंचायतीसमोर एक दगड उभा करायचा आणि मोठ्या लढाईला गेलेल्या कोडोलीकरांची नावं त्यावर घालायची. कमिटीचे प्रमुख अर्थातच गणपतराव. ते स्वतः ब्रह्मदेशात लढून आलेले. वय झालं होतं, तरी पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीत नसावं.

अव्वा नाव सांगायला गेली. गणपतरावांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग सांगितलं, "अक्काताई, वाईट वाटून घेऊ नगासा. पर दगड लढणाऱ्यांचा हाय, तेल वाहणाऱ्यांचा न्हाय."

अव्वा म्हणाली, ते नौदलात होते. सुभेदार म्हणाले, वारणेत कमरेएवढ्या पाण्यात उतरायला घाबरणारा माणूस नौदलात काय करणार, पोहायला तरी येत हुतं का त्याला?

"पवायला येत असतं," अव्वा म्हणाली, "तर बोट कशाला लागली असती?"

कमिटी हसली. गणपतराव हसले नाहीत. सरकारचा कागद आणा, नाव घालतो, पंधरा ऑगस्टच्या आत, असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

वरवर पाहता हा एका नावाचा प्रश्न होता. पण अव्वा पन्नास वर्षं पेट्रोल बसाप्पाची बायको म्हणून पाणवठ्यावर, गिरणीत आणि लग्नाच्या पंगतीत बसली होती. आजोबा हयात असताना ती त्या हसण्यात सामील असायची, कारण तेही हसायचे. आता हसण्यात त्यांची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. दगडावर नाव नाही म्हणजे गाव कायम हसणार, आणि तेही दगडाच्या साक्षीने. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मामाला फक्त म्हणाली, "स्कूटर काढ."

कोल्हापुरात कोर्टाबाहेर गुंडू नावाचा टायपिस्ट बसायचा. मराठीत सांगितलेलं तो थेट इंग्रजीत बडवायचा, आणि त्याचा वेग असा की सांगणाऱ्याचं वाक्य संपायच्या आधी त्याचं संपलेलं असायचं. अव्वाने सावलीतल्या रांगेपासून सुरुवात केली. गल्लीतल्या जेवणापर्यंत आली तेव्हा गुंडूने हात जोडले आणि विचारलं, आज्जी, नेमकं कशावर होते तेवढं सांगा. पेट्रोल बोटीवर, अव्वा म्हणाली. पेट्रोल म्हणजे पंपावरचं पेट्रोल का, गुंडूने खात्री करून घेतली. त्याचं काम चोख होतं.

"व्हय की, तेच," अव्वा म्हणाली. "दुसरं कुठलं असतंय?"

अर्जाला नौदलाच्या मुंबईतल्या कचेरीचं उत्तर आलं ते अतिशय नम्र होतं. युद्धकाळात बोटींमधून पेट्रोल वाहून नेण्याचं काम खाजगी ठेकेदारांची माणसं करत, ती नौदलात मोडत नाहीत, तरी चौकशी संबंधित तेल कंपनीकडे करावी. सरळ मनाच्या माणसाला सरकारने सल्ला दिला की तो ऐकतो. प्रभुलिंग मामा दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटल्यावर हायवेवरच्या पेट्रोल पंपावर गेला आणि मालकाला सगळी कहाणी सांगितली. मालकाने शांतपणे ऐकून घेतली, चहा पाजला आणि एक कॅलेंडर दिलं.

आमच्या घरी पोचण्याआधीच त्या पत्रातला मजकूर गावभर झाला होता. गणपतराव कट्ट्यावर बसून म्हणाले, आता मी म्हणत न्हाय, सरकारच म्हणतंय. ते काही वाईट बुद्धीने बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की प्रश्न सुटला. अव्वाने कॅलेंडर भिंतीवरून काढलं, चुलीत घातलं आणि कानडीत शिरली. या खेपेला मुक्काम लांबला. मामाला कानडीतल्या फक्त शिव्या कळत, त्यामुळे बोलणं बरंचसं कळत होतं.

शेवटी फाउंड्रीतल्या कुणीतरी मामाला सांगितलं की राजारामपुरीत नौदलातून रिटायर झालेले एक साहेब राहतात, विजयसिंह इंगवले. रविवारी मामा अव्वाला घेऊन तिथे गेला. दाराला बटणाऐवजी पितळी घंटा टांगलेली होती आणि तिची दोरी ओढायची होती. अव्वाने देवळात ओढावी तशी ओढली आणि नमस्कार केला. दार उघडून साहेब समोर उभे राहिले, तेव्हा तो नमस्कार त्यांना पडला.

इंगवले साहेब पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला इस्त्री असायची. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि सांगितलं की कचेरीचं म्हणणं योग्य आहे. पेट्रोल बोट नावाचा प्रकार नौदलात नसतो. तेलवाहू जहाज असतं, पण ती गोष्ट निराळी. क्षमा करा. मामा उठायच्या बेताला आला. अव्वा जमिनीकडे बघत बसली होती. साहेबांनी आतल्या दिशेने, बायकोला ऐकू जाईल असं विचारलं, "संयोगिता, गॅलीत अजून चहा आहे का?"

अव्वाने मान वर केली.

"काय म्हणालासा?"

साहेब ओशाळले. जहाजावरची सवय आहे, म्हणाले. गॅली म्हणजे स्वयंपाकघर. घरी आलो तरी तोंडातून तोच शब्द येतो, बायको पंचवीस वर्षं चिडते आहे.

अव्वाने पुन्हा मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. मामाला वाटलं रडतेय, म्हणून तो पाणी आणायला धावला. पण ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत, एवढ्या दिवसांची कानडी एका दमात धुऊन निघेल असं हसत होती.

"स्वयंपाकघर," ती म्हणाली. "त्यो म्हणत हुता स्वयंपाकघरात वाढ. आणि मी त्याला गल्लीत बसवला, कुत्र्यांच्यात. आणि त्यो जेवला की वो सायब. कायसुदिक न बोलता जेवला."

मग तिने गल्लीचा अख्खा प्रवेश करून दाखवला, सासूसकट. आतून संयोगिताबाई येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. साहेब हसले नाहीत, पण इस्त्री थोडी मोडली. एवढं मात्र खरं, ते म्हणाले, की जो माणूस स्वयंपाकघराला गॅली म्हणतो तो जहाजावर राहिलेला आहे. अर्थात तेलाच्या जहाजावरही गॅली असते.

अव्वाने त्यांना दोघांना बेंदराचं जेवायला बोलावलं. पुरणाचे कडबू करतो, म्हणाली, आणि गॅलीतच वाढतो.

बेंदराच्या दिवशी गल्लीत चिखल आणि गुलाल यांचा काला झाला होता. इंगवले पतीपत्नी रिक्षातून उतरले. साहेबांच्या अंगावर पांढरेशुभ्र कपडे होते. त्याच वेळी मामाने गोठ्यातून थोरला बैल बाहेर काढला, आणि बैल मान हलवत सरळ साहेबांच्या दिशेने निघाला. गल्लीतली माणसं सवयीने दोन्ही बाजूंना पांगली. साहेब जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी बायकोचा हात धरला, तिला घेऊन दोन पावलं उजवीकडे सरकले आणि बैल शेजारून जाईपर्यंत छाती काढून उभे राहिले. चिखल गुडघ्यापर्यंत उडाला, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही.

"हे रंग कुणी ठरवले?" त्यांनी विचारलं.

मामा घाबरला. त्याला वाटलं यांनाही बक्षिसाचे नियम माहीत आहेत. बाबांची पद्धत हाय, तो म्हणाला, डावं तांबडं, उजवं हिरवं, आमी काय मोडली न्हाय. साहेबांनी बैलाला पुन्हा फिरवून समोरून आणायला सांगितलं. बैल आला. साहेब पुन्हा उजवीकडे सरकले. मग बैलाला पाठमोरा, आडवा, दोन्ही बाजूंनी उभा करून पाहिला. तोपर्यंत गल्लीला वाटायला लागलं होतं की हे बैल विकत घ्यायला आलेले पावणे आहेत, आणि एकाने दात दाखवायची तयारीही केली, बैलाचे.

साहेब अव्वाकडे वळले. रात्री समुद्रावर बोट दिसत नाही, ते सांगू लागले, फक्त दिवे दिसतात. म्हणून प्रत्येक बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. एकटा लाल दिसला तर ती डावं अंग दाखवत चालली आहे, एकटा हिरवा दिसला तर उजवं. आणि दोन्ही एकदम दिसले तर...

"समोरनं येतीया," अव्वा म्हणाली. "समोरनं कोण कसं येतंय, ते रात्री कळाय पाहिजे."

"हो, आणि मग आपण उजवीकडे सरकायचं. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. दरवर्सी सांगायचा. आमी म्हणायचो, रात्री रंग दिसतोय व्हय."

साहेबांनी दारातल्या कट्ट्यावर बसकण मारली, पांढऱ्या कपड्यांनिशी. मग विचारलं, ते नक्की काय म्हणायचे, पेट्रोल बोट की पॅट्रोल बोट? अव्वा म्हणाली, पेट्रोल. साहेब म्हणाले, ओठ जरा फाकवून म्हणा, पॅट्रोल. अव्वाने ओठ फाकवले आणि म्हणाली, पेट्रोल. मामाने करून पाहिलं, पेट्रोल. जमलेल्या सगळ्या गल्लीने एकदा म्हणून पाहिलं, आणि कोडोलीत त्या शब्दाला दुसरा उच्चारच नाही हे सिद्ध झालं.

"अहो, पण दोन शब्द आहेत," साहेब काकुळतीला आले. "एक तेल. आणि दुसऱ्याचा अर्थ गस्त. तुमचे यजमान गस्तीच्या बोटीवर होते."

मग त्यांनी सांगितलं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला, आराकानात, खाड्यांचं जाळं आहे. मोठं जहाज तिथे शिरत नाही. आपल्या नौदलाच्या लाकडी बोटी होत्या, लहानशा, मूठभर माणसांच्या. पुढे एक तोफ. रात्रभर त्या खाड्यांतून फिरायचं, शत्रूची होडी दिसली की अडवायची. दोन्ही काठांवर झाडी, झाडीत कोण आहे ते माहीत नाही. गोळी लागली तर लाकूड, आणि लाकडाखाली टाकी.

"टाकी कशाची?" मामाने विचारलं.

"पेट्रोलची," साहेबांनी कबूल केलं. "त्या बोटी पेट्रोलवरच चालायच्या."

"मग गावाचं तरी काय चुकलं म्हणायचं," अव्वा म्हणाली. पण तिचं लक्ष बैलाकडे होतं. तिने विचारलं, गस्त घालताना हे दिवे लावायचे का? साहेब म्हणाले, छे, गस्तीवर सगळा अंधार. दिवा लावला तर गोळी यायची. काम संपवून बंदराकडे यायला निघाले की मग लावायचे, आपल्याच कुणी धडकू नये म्हणून.

"म्हणजे दिवं लावलं की घराकडं निघालं."

"हो. तसंच म्हणायचं."

अव्वाने बैलाच्या तांबड्या शिंगावरचा चिखल पदराने पुसला. मग हिरव्या. मग आत जाऊन सगळ्यांना वाढलं, गॅलीत.

संध्याकाळी मिरवणूक ग्रामपंचायतीसमोर आली. गणपतराव खुर्चीवर होते आणि शेजारी दगड नुकताच उभा केला होता, कोरा. आमची जोडी समोर येताच त्यांनी नेहमीप्रमाणे हात हलवून पुढे काढायला सांगितली. अव्वाने कासरा मामाच्या हातातून घेतला आणि बैल तिथेच उभे केले. वाजंत्री थांबली. इंगवले साहेब पुढे झाले आणि त्यांनी दिव्यांचं, गस्तीचं, उच्चाराचं सगळं समजावून सांगितलं. सुभेदारांनी मान हलवत ऐकलं. साहेबाला साहेबाचा मान त्यांनी दिला. मग म्हणाले, हे सगळं ठीक, पण शिंगं कोण बी रंगवतंय. हा काय पुरावा न्हाय.

अव्वा साहेबांच्या पुढे आली.

"सुभेदार, माझ्या बैलांला बक्षीस का दिलं न्हाईसा कधी?"

"शिंगं एकसारखी नसत्यात म्हणून. नियम हाय."

"बैल कसं हुतं?"

गणपतराव खोटं बोलत नसत. "गावात एक नंबर," ते म्हणाले.

"आणि त्याला म्हाईत हुतं, एक रंग लावला की बक्षीस आपलं?"

"मीच सांगायचो की त्याला. दरवर्सी सांगायचो."

"तरी लावला न्हाय. मरूस्तवर लावला न्हाय. माणूस खोटं बोलतंय ते काय तरी मिळवाय बोलतंय, सुभेदार. ह्यो दरवर्सी हरायला खोटं बोलत हुता व्हय?"

गणपतरावांनी बैलांकडे पाहिलं. पन्नास वर्षं ते या जोडीला हाताने पुढे काढत आले होते, आज पहिल्यांदा नीट पाहत असावेत. मग त्यांनी साहेबांना खुणेने जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं. पण पलटणीतला आवाज खाली आला तरी गावाला ऐकू जातो.

"ती बोट लई हलायची का वो?"

"फार."

"आतल्या माणसाला उलट्या?"

"सगळ्यांना व्हायच्या."

"मला ठावं हाय," सुभेदार म्हणाले. "एकदा आमाला खाडी पार करून दिलती असल्याच एका बोटीनं. रातीचं. मी सगळी वाट तिच्या कडेवर लोंबकळत हुतो. चालवणाऱ्याचं तोंड बघाय झालं न्हाय." ते उठून उभे राहिले. "पेंटरला सांगा, बसाप्पाचं नाव घाला. आणि अक्काताई, हे आधी सांगायचं न्हवं का?"

"सांगत हुता की त्यो," अव्वा म्हणाली. "तुमी ऐकलासा पेट्रोल."

"आणि तुमी काय ऐकत हुतासा?"

"मी बी पेट्रोलच," अव्वा म्हणाली.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी पेंटर दगडापाशी बसला. प्रत्येक नावापुढे पलटण लिहायची होती. इंगवले साहेबांनी मुद्दाम येऊन एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं : बसाप्पा, भारतीय नौदल, गस्ती नौका. अव्वाने ती चिठ्ठी वाचून घेतली आणि म्हणाली, हे कुणाचं नाव?

साहेबांनी शुद्ध मराठीचा मुद्दा मांडला. पेट्रोल लिहिलं तर लोकांचा पुन्हा तोच गैरसमज होईल, हेही सांगितलं. होऊ दे, अव्वा म्हणाली. कुणी विचारलं तर आमी सांगू, आमाला काम काय हाय दुसरं. पण त्याच्या तोंडात जो शब्द हुता त्योच दगडावर पाहिजे. गस्ती नौका कोण, त्यो तर तिच्यात कधी बसलाबी न्हाय. पेंटरने गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव म्हणाले, बाई म्हणतीया तसं लिव.

आज कोडोलीत गेलात तर दगडावर स्पष्ट वाचता येतं : बसाप्पा, नौदल, पेट्रोल बोट. साहेबांनी योग्य स्पेलिंगचा दुसरा अर्ज केला होता, त्याचं उत्तर पुढच्या वर्षी आलं. पाकीट जाड होतं. अव्वाने ते फोडलंच नाही. देव्हाऱ्याच्या मागे ठेवून दिलं आणि मामाला म्हणाली, "आता त्यांला कळलं असंल. आमाला म्हाईतच हाय."

बक्षिसाचा नियम त्याच वर्षी बदलला. पुढच्या बेंदराला अर्ध्या गावाने शिंगं दोन रंगांत रंगवली. गणपतरावांनी नातवाला बाजूला सारून आपल्या बैलांची स्वतः रंगवली, बैलासमोर पाट टाकून, त्याच्या तोंडाला तोंड देऊन बसून. आपल्या डाव्या हाताला येईल त्या शिंगाला तांबडा, उजव्या हाताला येईल त्याला हिरवा, अगदी कडा न सांडता. मिरवणुकीत त्यांची जोडी सगळ्यात पुढे होती आणि ते स्वतः कासरा धरून ताठ चालत होते. आमच्या दारासमोर आले तेव्हा त्यांनी मुद्दाम बैल थांबवले आणि अव्वाकडे पाहिलं.

अव्वाने आधी बैलाच्या डाव्या शिंगाकडे बघितलं, ते हिरवं होतं, मग उजव्याकडे, ते तांबडं. हातातली आरती खाली ठेवली.

"सुभेदार," ती म्हणाली, "तुमची बोट माघारी चाललीया."